दक्षिणेची खिडकी आणि रंगपंचमीनंतर लोळणारी कोथिंबीर

अंगणातली | २६ मार्च, दुपारी

नमस्कार मंडळी. इंदूरच्या लोकांनी नक्की वाचा, पण बाकीच्यांनीही सुचवा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मल्हारगंजातलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, तिसऱ्या मजल्यावर. तिकडे मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर पुदिना आणि गवती चहा आपले आपण वाढायचे. कुणी त्यांच्याकडे बघतही नसे. इथे अंगण नाही आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप. म्हणजे जे काही करायचं ते घरातच, खिडकीत. सासूबाईंना सकाळच्या चहात गवती चहा लागतो आणि पोह्यांवर ताजी कोथिंबीर. तेवढं घरचं असावं, एवढीच इच्छा.

नोव्हेंबरात हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत पसरट कुंडीत कोथिंबीर पेरली. धने लाटण्याने हलके रगडून, रात्रभर भिजवून. दहाव्या दिवशी कोंब दिसले आणि डिसेंबर-जानेवारीत अशी फोफावली की मटाराच्या उसळीवर रोज मूठभर पडायची. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा पेरली. तीच कुंडी, तीच माती, तेच धने. आता रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली आणि ही कोथिंबीर दोऱ्यासारखी बारीक, उंच, सगळी काचेकडे लोळलेली. शेजारच्या पुदिन्याची खालची पानं पिवळी पडून गळतायत. मला वाटलं उन्हाळा लागला, तहान लागली असेल, म्हणून रोज पाणी घातलं, वरून गांडूळखत घातलं. आता कुंडीवर बारीक काळी चिलटंही उडायला लागली आहेत.

खिडकी तीच, हात तोच. मग बिघडलं काय?

पुदिनावाली | २६ मार्च, संध्याकाळी

ताई, आधी पाणी आणि खत दोन्ही थांबवा. चिलटं ओल्या मातीतच अंडी घालतात. खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची एक चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उचलून खालून बघा. पांढुरक्या, काचेसारख्या बारीक अळ्या दिसतील, डोकं काळं. त्या नाजूक मुळं खातात. वरची बोटभर माती पूर्ण कोरडी पडू द्या, म्हणजे नव्या अळ्या जगत नाहीत. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद मिळतो, तो कुंडीत काडीला लावा. दोन-तीन आठवडे चिकाटीने करावं लागतं, कारण अंडी एकदम संपत नाहीत.

पुदिन्याची खालची पानं पिवळी पडणं बहुतेक वेळा मुळांशी पाणी साचल्याचं लक्षण असतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी उभं राहतंय का?

अंगणातली | २६ मार्च, रात्री

हो, राहतंय. आत्ताच ओतून टाकलं.

नकाशेवाले_काका | २७ मार्च, सकाळी

मी आयुष्यभर घरांचे नकाशे काढले, त्यामुळे मला कोथिंबिरीपेक्षा खिडकीची गोष्ट जास्त दिसते. दोन मापं सांगा: खिडकीवरचा छज्जा भिंतीपासून किती पुढे आलाय, आणि छज्ज्यापासून खाली कुंडी ठेवलेल्या कट्ट्यापर्यंत अंतर किती?

अंगणातली | २७ मार्च, दुपारी

मुलाने टेप लावून मोजलं. छज्जा दोन फूट, खाली कट्ट्यापर्यंत चार फूट. भिंत अगदी दक्षिणेकडे तोंड करून आहे असं फोनमधलं होकायंत्र सांगतंय.

नकाशेवाले_काका | २७ मार्च, रात्री

मग सापडलं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. तुमच्या खिडकीतून ऊन निघून गेलंय.

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो, म्हणजे तिरपा. तेव्हा दोन फुटी छज्ज्याची सावली दोन फुटांहून जरा कमीच खाली उतरते आणि कट्ट्यावर स्वच्छ ऊन पडतं. २० मार्चच्या सुमारास दुपारचा सूर्य ६७ अंशांवर चढलेला असतो. त्याच छज्ज्याची सावली आता पावणेपाच फूट खाली येते. तुमचा कट्टा चार फुटांवर, म्हणजे पूर्ण सावलीत.

आणि हे फक्त दुपारपुरतं नाही. विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, भिंत नेमकी दक्षिणमुखी असेल तर छज्ज्याची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच रेषेवर राहते. त्यानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही दक्षिणेच्या भिंतीला लागत नाही. तुमच्या मापांवरून हिशेब केला: साधारण १० मार्चपासून कट्ट्यावरचं दुपारचं ऊन जातं, दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळचंही जातं, आणि दुपारचं ऊन परत येतं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. जूनमध्ये तर आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, इथून हाकेच्या अंतरावर.

जुन्या मिस्त्रींनी छज्जा यासाठीच ठेवला. थंडीत ऊन आत यावं, उन्हाळ्यात येऊ नये. माणसांसाठी ती उत्तम सोय आहे, पण कोथिंबिरीला ती सांगून ठेवलेली नाही.

मनीप्लँटप्रेमी | २८ मार्च

काका, हिशेब पटला, पण मार्चमध्ये घरात उजेड भरपूर असतो हो. आमच्या हॉलमध्ये दिवसा दिवा लावावा लागत नाही, मनीप्लँट छतापर्यंत गेलाय.

नकाशेवाले_काका | २८ मार्च

उजेड आणि ऊन यांत फरक करायला डोळे फार कच्चे असतात. बाहुली लहानमोठी होते आणि आपल्याला दोन्हीकडे सारखंच लख्ख वाटतं. साधी परीक्षा करा. दुपारी बाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि एक वीत वर हात धरा. सावलीत पाचही बोटं कातरल्यासारखी वेगळी दिसली तर तिथे कोथिंबीर, तुळस, गवती चहा जगेल. कडा धुरकट पण हाताचा आकार कळतोय, तर पुदिना, पानओवा. नुसता करडा डाग असेल तर मनीप्लँट. तो रानात मोठ्या झाडांच्या सावलीत चढणारा वेल आहे, त्याला तेवढं पुरतं. कोथिंबीर शेतातली आहे.

अंगणातली | २८ मार्च, दुपारी साडेबारा

आत्ता करून बघितलं. दक्षिणेच्या कट्ट्यावर करडा डाग. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळी नऊला पाच बोटं! तिथे मी मिक्सर ठेवलाय. आज हलवते.

काका, मनापासून आभार. गेला महिनाभर मी त्या कुंडीला पाणी पाजत बसले होते.

बारा_बंगला | २८ मार्च

पूर्वेची खिडकी नसणाऱ्यांसाठी: मी दीड वर्ष साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली पुदिना आणि बेसिल वाढवतोय. आधी ऑनलाइन एक छोटा जांभळा दिवा मागवला होता, खोक्यावर मोठमोठे दावे होते, प्रत्यक्षात पाच वॅट. रोपं लोळली. मग घरातलीच चार फुटी २० वॅटची ट्यूब शेल्फच्या खाली बसवली. महत्त्वाचं असतं ते अंतर. पानांपासून एक वीतभर वर हवी. हातभर वर नेलीत तर डोळ्यांना फरक वाटत नाही, रोपाला मात्र निम्म्याहून कमी मिळतं. टायमर लावून रोज १४ तास. २० वॅट गुणिले १४ म्हणजे दिवसाला २८० वॅट-तास, महिन्याला साधारण साडेआठ युनिट. रात्री मात्र अंधार द्या, झाडालाही विश्रांती लागते. पाणी घालताना ट्यूब बंद करा, वायर कुंडीच्या वरून नेऊ नका.

बडोदेकर | २९ मार्च

आमच्या बडोद्याचा अक्षांश २२.३, म्हणजे काकांचा हिशेब जवळपास जसाच्या तसा लागू. आज सकाळी सगळ्या खिडक्यांतून हात धरून फिरलो. उत्तरेच्या वॉशिंग बाल्कनीत सात वाजता कोवळं ऊन आलेलं बघून आश्चर्य वाटलं!

नकाशेवाले_काका | २९ मार्च

तुमची बाल्कनी जरा पूर्वेकडे कललेली असणार. पण मे-जूनमध्ये निव्वळ उत्तरेच्या खिडकीतही सकाळी आणि सूर्यास्ताआधी तिरपं ऊन येतं. उत्तरेला ऊन नसतं हे हिवाळ्यापुरतं खरं. पुण्याचे कुणी वाचत असतील तर तुमच्याकडे विषुवदिनी दोन फुटी छज्ज्याची सावली जवळपास सहा फूट उतरते, म्हणजे तुमचं ऊन आमच्याआधीच खिडकी सोडतं.

पुदिनावाली | २९ मार्च

आता उन्हाळ्यात काय लावावं ते सांगते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. कोथिंबीर थंडीची, तिला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं. तापलं की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. पूर्वेच्या खिडकीतही मे महिन्यात जुडीएवढी कोथिंबीर येईल अशी आशा धरू नका. धने दाट पेरा आणि बोटभर उंचीची कोवळीच कापून वापरा, तीन-साडेतीन आठवड्यांत. तेवढ्यात पुढची कुंडी पेरलेली असावी. आणि धने वाण्याकडचेच आणा, साधे. बियाण्याच्या दुकानातल्या गुलाबी रंग लावलेल्या पुड्या बुरशीनाशक चोळलेल्या असतात. पेरायला चालतात, पण उरले म्हणून डब्यात ओतू नका.

उन्हाळ्याचा खरा सोबती पुदिना. मंडईतल्या जुडीतून जाड, तांबूस देठाच्या चार काड्या निवडा. खालची पानं काढा, पण गाठी ठेवा, कारण मुळं तिथूनच फुटतात. काचेच्या ग्लासात दोन बोटं पाणी, रोज बदलायचं, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. आठवड्याने गाठीपाशी पांढरे ठिपके दिसतील, मग मिशांसारखी मुळं. ती बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत. खोल कुंडी नको, पसरट घ्या. पुदिना आडवा धावतो, म्हणून त्याच्या कुंडीत दुसरं काही लावू नका, तो सगळ्यांना गिळतो. पहिल्या खेपेची पानं मी खात नाही, मंडईच्या जुडीवर काय फवारलंय माहीत नसतं. ती खुडून टाकते, नवी फूट आली की चटणी.

आणि खुडायचं कसं, तेही सांगते. सुटी पानं ओरबाडू नका. शेंडा दोन पानांच्या जोडीच्या वर चिमटा, त्या जोडीतून दोन फांद्या फुटतात. बेसिल आणि तुळशीचंही तसंच, मंजिरी धरू लागली की खुडायची.

कॉलनीतला_माळी | ३० मार्च

एक उपाय माझाही. आम्ही आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी सगळं झाडांना घालतो, थेंब फुकट जात नाही. खिडकीतल्या कुंड्यांनाही तेच द्या.

मृद्गंध | ३० मार्च

दादा, पाणी वाचवण्याची कळकळ पटते, पण घरातल्या कुंडीला ते पाणी घालू नका. मी कृषी महाविद्यालयात शिकले, माती हाच माझा विषय.

आरओ मशीन पाण्यातले क्षार गाळून एका बाजूला काढतं, आणि वाया जाणाऱ्या पाण्यात तेच क्षार एकवटलेले असतात. बोअरिंगचं पाणी मुळातच जड, त्यात ही भर. अंगणातल्या जास्वंदीला चालून जातं, कारण पावसाळ्यात चार महिने माती वरून धुतली जाते. खिडकीतल्या कुंडीवर पाऊस कधीच पडत नाही. जे क्षार गेले ते तिथेच. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी येते, पानांच्या कडा करपतात, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. लोक समजतात खत कमी पडलं, आणि खत घालतात, म्हणजे आणखी क्षार.

ते पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. कुंड्यांना नळाला येणारं नर्मदेचं पाणी द्या. आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं, मी दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवते. आणि महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन तिला पाऊस दाखवा: कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश वरून ओतायचं, खालून निथळू द्यायचं, पूर्ण निथळल्यावरच जागेवर ठेवायची.

मातीबद्दलही. आपली माळव्याची काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीला नाही. ओली झाली की फुगते, वाळली की दगड होते आणि कुंडीच्या कडेने भेग पडून पाणी सरळ खाली पळतं. मी एक भाग काळी माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा), एक भाग कुजलेलं खत आणि अर्धा भाग जाड वाळू घेते. कोकोपीट दोनदा भिजवून पिळायचं, त्यातही क्षार असतात.

अंगणातली | ३० मार्च

खत कुठून आणता? मी आणलेल्या पिशवीतूनच चिलटं आली असावीत, दुसरं काही नवीन घरात आलं नव्हतं.

मृद्गंध | ३१ मार्च

घरी करते. आणि इंदूरच्या माणसाने घरी खत करावं याला एक कारणही आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९२४ मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी आणि रसायनशास्त्राचं काम पाहणाऱ्या यशवंत वाडांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी पालथे घालून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवली जाते. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते काम मुद्दाम बघून गेले. परदेशातल्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव या खतामुळे येतं, आणि वाडांचं नाव इथल्या मराठी घरांतही फार थोड्यांना माहीत असतं. मला त्याचं वाईट वाटतं.

फ्लॅटपुरती रीत: झाकणाची बादली, बुडाला आणि बाजूंना भोकं. एक वाटी भाजीची सालं, त्यावर दोन वाट्या सुकी पानं किंवा नारळाच्या शेंडीचा चुरा. पहिल्यांदा मूठभर जुनं खत विरजणासारखं घाला. आठवड्यातून एकदा तळापासून वर करायचं. हॉवर्डांच्या रीतीचं मर्म तेच आहे, आत हवा पोचणं. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, आणखी सुकी पानं घालायची. मूठ दाबून पाहा: हात ओलसर व्हावा, पण थेंब पडू नये. अडीच-तीन महिन्यांनी मातीचा, पहिल्या पावसासारखा वास येतो. तेव्हा चाळून वापरा.

कुंडीला मात्र बेताने घाला. फार खत खाल्लेल्या पुदिन्याची पानं मोठी आणि मऊ येतात, वास उतरतो. पानओव्याला तर जवळजवळ काहीच नको.

सराफ्याजवळची | १ एप्रिल

गवती चहाचं कुणीच बोललं नाही, आणि ताईंच्या सासूबाईंना तोच हवाय!

मंडईत मिळणाऱ्या जुडीत एखादी काडी बुडाशी कांद्यासारखी फुगीर, थोडा मुळाचा भाग राहिलेली असते. ती निवडून आणा. पाती वीतभर ठेवून कापा, बुंधा पाण्यात ठेवा. दहा-बारा दिवसांत मुळं. मग बारा इंची कुंडी, त्याहून लहान नको, त्याचं बेट होतं. घरातल्या घरात तो तग धरतो पण फुटत नाही, त्याला अर्धा दिवस तरी थेट ऊन हवं. ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कुंडी तारेने बांधा, खाली माणसं ये-जा करतात. कापताना बाहेरची पाती बुंध्यापासून घ्या, मधला कोंब सोडा.

अंगणातली | १९ मे

बातमी द्यायला आले. चिलटं तीन आठवड्यांत गेली. पुदिना पूर्वेच्या खिडकीत, मिक्सर दक्षिणेच्या कट्ट्यावर. गवती चहाच्या पाच काड्यांपैकी तीन जगल्या, त्या ग्रिलमध्ये तारेने बांधल्या आहेत. कोथिंबीर मंडईतूनच आणते, फक्त कोवळ्या रोपांची एक कुंडी चालू आहे. पुदिन्याच्या पानांखाली बारीक जाळं दिसतंय, पानं वरून ठिपकेदार झाली आहेत.

पुदिनावाली | १९ मे

लाल कोळी. कोरड्या हवेत येतो, मे महिना त्याचाच. वाईट पानं खुडा आणि कुंडी मोरीत आडवी धरून पानं खालच्या बाजूने पाण्याच्या धारेने धुवा, एक दिवसाआड, आठवडाभर. उरलाच तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारायचं. त्यानंतर आठवडाभर ती पानं खाऊ नका, नंतरही धुऊनच घ्या.

अंगणातली | ५ ऑक्टोबर

काका, तुम्ही हा धागा बघत असाल तर तुमच्यासाठी.

सप्टेंबरच्या अखेरीपासून रोज दुपारी बारा-सव्वाबाराला मी दक्षिणेच्या खिडकीत जाऊन उभी राहत होते. ऊन जिथवर पोचलं तिथे खिडकीच्या चौकटीवर मुलाने पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख लिहिली. पाऊस संपत आला होता तरी दोन दिवस ढगांचेच गेले, त्यांच्या रेघा नाहीत. २८ तारखेची रेघ कट्ट्याच्या चार बोटं खाली असलेल्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला. मग ती रोज थोडी वर सरकत गेली. काल बारा वाजून दहा मिनिटांनी कट्ट्याच्या बाहेरच्या कडेवर सुतळीएवढी उन्हाची पट्टी आली. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी त्या पट्टीवर हात ठेवून बघितला.

मिक्सर परत स्वयंपाकघरात गेला. धने रात्री भिजत घातलेत, पण पेरायला अजून दोन आठवडे थांबू का? पट्टी अजून अरुंद आहे.

नकाशेवाले_काका | ५ ऑक्टोबर

बघतोय, आणि रेघांचा फोटो टाका. भिजवलेले पेरून टाका. उगवायला दहा दिवस लागतील, तोवर ऊन कुंडीभर आत सरकलेलं असेल.

सराफ्याजवळची | ६ ऑक्टोबर

माझ्याकडे पानओव्याच्या दहा काड्या मुळं फुटून तयार आहेत. इंदुरात कुणाला हव्या असतील तर निरोप करा, रविवारी सकाळी राजवाड्यापाशी देईन. ताई, तुमच्यासाठी दोन बाजूला ठेवल्या आहेत.